दिलावर मुलाणीनं दाबलेला लग

“बोटाएवढ्या एका लगवर आख्खा माणूस लटकलेला बघितलाय मी. खाली जॅकवेल, जॅकवेलच्या पाण्यात मगर. बस, सांगतो. विश्वास तुझा बसणार न्हाई. आजवर एकाचाबी बसलेला न्हाई.”

हे मी विश्वजित पोल्ट्रीवाल्याला म्हणालो तेव्हा त्याचा एक पाय सलीमच्या दुकानाच्या पायरीवर होता आणि दुसरा मोटारसायकलकडं निघाला होता. चैत्रातली दुपार. एसटी स्टँडवर कुत्रं नव्हतं. सलीमचं इलेक्ट्रिकचं दुकान स्टँडच्या कोपऱ्यावर आहे आणि मी तिथं रोज बसतो. गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी बोलतो, नाही आलं तर सलीमशी. आत पंख्याखाली आरामखुर्चीत सलीमचे वडील, दिलावर मुलाणी, तोंडावर ओला टॉवेल टाकून झोपले होते. आमच्या गावातला सगळ्यात जुना वायरमन. मी त्याचा जोडीदार. तो लग दाबायचा, मी तार ओढायचो, हत्यारं उचलायचो आणि दोघांच्या वाटणीचं बोलायचो.

विश्वजितनं नवीन पोल्ट्रीची शेड बांधली होती आणि अर्थिंगच्या तारेला लग पाहिजे होते. “कुठलंबी दे रं,” तो सलीमला म्हणाला होता. “तार आत गेली म्हंजे झालं. हातोडी घरात हाय, दोन घाव घातलं की बसतंय.” सलीम खण उघडायला वळला, आणि मला राहवलं नाही.

“तात्या, गिऱ्हाईक हाय ते,” सलीम म्हणाला.

“म्हणूनच सांगतोय. फुकट ऐकणारं बसून न्हाई ऐकत.”

विश्वजित हसला आणि बसला. मी एकदा आत पाहिलं. टॉवेल वरखाली होत होता. ही गोष्ट मी दिलावर जागा असताना कधी सांगत नाही. स्वतःचं कौतुक त्याला सोसत नाही, असं मी लोकांना सांगतो.

ज्यांनी लग पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच: लग म्हणजे तारेच्या टोकाला घालायची धातूची टोपी. एका अंगाला नळी, दुसऱ्या अंगाला चपटं पान आणि पानाला भोक. तार नळीत घालायची, नळी यंत्रानं दाबायची आणि भोकातून बोल्ट घालून मोटारीला आवळायचं. मोटारीच्या अंगात वीज उतरली तर ती या तारेतून जमिनीत जाते. तार लगातून निसटलेली असेल, तर ती मोटारीला हात लावणाऱ्या माणसातून जाते. यात तिसरी वाट नाही.

विश्वजितला मी सांगितलं ते असं.

*

दिलावरला एक धाकटा भाऊ होता, रशीद. वरच्या अंगाच्या एका गावात नदीवरच्या मोटारींवर तो ऑपरेटर होता. देखणा पोरगा, शीळ वाजवत सायकल चालवायचा. तिथल्या कुणा कंत्राटदारानं अर्थिंगचे लग छिन्नी-हातोडीनं ठोकले होते. ठोकलेला लग डोळ्याला घट्ट दिसतो. पण मोटार दिवसरात थरथरत असते, आणि त्या थरथरीनं तार केसाकेसानं मागं सरकत राहते. मोटार गरम झाली का बघायला ऑपरेटर तिच्यावर हात ठेवतात, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. रशीदनं ठेवला. हात ओला होता.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला तिथून नेलं होतं. दिलावर रडला नाही, कुणावर ओरडला नाही. तो मोटारीच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसला. लग बोल्टाला जागच्या जागी होता, चकचकीत. तार शेजारी फरशीवर पडलेली. दिलावरनं लगाच्या नळीत करंगळी घातली. ती सरळ आत गेली. कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला, बोट आत घालून, जसं काही आत कुणाची नाडी सापडणार होती.

त्यानंतर त्यानं एक रीत धरली. कुठल्याही नव्या कामावर पहिला लग दाबला की तो बोल्टाला आवळायचा, तारेच्या दुसऱ्या टोकाला फळी बांधायची आणि फळीवर स्वतः बसायचं. जमिनीपासून वीतभर वर. माझी तंबाखू मळून, थापटून, दाढेखाली जाईपर्यंत तो तिथं झुलायचा. मग उतरून तो लग कापून फेकून द्यायचा. लटकवलेला लग कामाला लावायचा नाही. त्यानं त्याचं काम केलेलं असतं. लोक हसायचे. “दिलावरभाई, पाळणा कधी हलवताय?” असं विचारायचे. तो हसायचा नाही. हसायचं काम माझ्याकडं होतं.

*

“आता मगर,” विश्वजित म्हणाला.

“धीर धर. मगर कुठं जात न्हाई.”

*

आमच्या गावच्या पाणी संस्थेचं जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, पुढं एका उन्हाळ्यात पुरं झालं. तू आता बघतोस ते नव्हे, जुनं. नदीच्या पात्रात उभा काँक्रीटचा गोल मनोरा, काठापासून त्याच्यापर्यंत चालायचा पूल, वर मोटारींची खोली आणि खोलीच्या मधोमध फरशीला चौकोनी तोंड. तोंडातून खाली बघितलं की काळं पाणी दिसायचं, इतकं खोल की थुंकलं तर आवाज यायच्या आत माणूस दुसरं बोलायला लागायचा.

अर्थिंगचं काम दिलावरला मिळालं. खड्डे आम्ही काठावर खणले, मीठ-कोळसा थराथरानं भरला. मग लग आणि यंत्र आणायला सांगलीला गेलो. त्या दुकानदाराला मी अजून विसरलो नाही. दिलावरनं त्याचे सगळे खण उघडायला लावले. प्रत्येक लग तळहातावर तोलायचा, नळीत बोट फिरवायचा, पान दातानं दाबून बघायचा. अॅल्युमिनियमचा लग पुढं आला की न बोलता बाजूला सारायचा.

“हा स्वस्त बसतो,” दुकानदार म्हणाला.

“तार तांब्याची हाय.”

“मग काय झालं?”

“ओल्या जागेत दोघांचं जमत न्हाई. अॅल्युमिनियम झुरतंय. पांढरी पूड हुती त्याची.”

“अहो, लग घेताय का नवरी बघताय?”

“नवरी बघायला मी एवढा वेळ घालवला न्हवता,” दिलावर म्हणाला. त्याच्या तोंडून विनोद निघालेला मी तो एकच ऐकला. शेवटी त्यानं कल्हई केलेले तांब्याचे लग घेतले, तारेच्या मापाचे, पस्तीसचे. मग यंत्र. दुकानदारानं लांब दांड्याची पक्कड दाखवली. ती माणसाच्या जोरावर चालते. सकाळचा लग घट्ट आणि संध्याकाळचा ढिला. दिलावरनं तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र मागितलं. त्याच्या तोंडात लोखंडाचे साचे बसतात, प्रत्येक मापाला वेगळा. त्याला आम्ही डाय म्हणतो. डायवर माप कोरलेलं असतं, मुंगीच्या पायाएवढं. डायचा डबा दिलावरनं येताना एसटीत मांडीवर धरला. मला खिडकी मिळाली.

गावात आलो तर जॅकवेलवर चेअरमन उभे. भूपाल अण्णा चौगुले. मनाचे वाईट नव्हते अण्णा. पण ऊस वाळत होता, लोक सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दारात येऊन बसत होते, आणि त्यांचा आवाज असा होता की त्यांनी ‘का रं’ म्हटलं की मनोऱ्यावरची पारवी उडायची आणि थेट पलीकडच्या काठाला बसायची. त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या सुकुमार. हातात पिशवी, पिशवीत अॅल्युमिनियमचे लग, छिन्नी आणि हातोडी.

“दिलावर, तू एकेक लग असा कुरवाळत बसलास तर पाऊस येईल,” अण्णा म्हणाले. “सुकुमार उद्यापतोर सगळं ठोकून देतो म्हणतोय. परवा मोटारी सुरू.”

“ठोकून न्हाई चालत, अण्णा.”

“सगळीकडं चालतंय!” सुकुमार म्हणाला.

दिलावर त्याच्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता रशीदचं नाव घेईल. घेतलं नाही. त्यानं खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या बिरूकडं बोट केलं. बिरू हजारे, धनगराचा, नवा ऑपरेटर. आठवड्यापूर्वी नेमला होता. हात पुसायची त्याला सवयच नव्हती. पाणी पिऊन तोंडावरनं फिरवायचा आणि तेच हात गुडघ्यांवर ठेवायचा.

“ह्याची आई मला पुसून गेली हाय,” दिलावर म्हणाला. “म्हणली, दादा, माझं पोरगं तिथं ठेवू का? मी ठेव म्हणलोय.”

अण्णा बिरूकडं बघायला लागले. पण सुकुमारला गप्प बसणं जमत नव्हतं. “तुमचा लग काय सोन्याचा हाय का? लटकून दाखवताय म्हणं. वीतभर वर लटकायला काय लागतंय? माझी आजीबी लटकंल. हितं लटका, ह्या तोंडात! खाली पाणी असताना!”

“लटकतो,” दिलावर म्हणाला.

मी म्हणालो, “लटकत न्हाई. अण्णा, पोराचं मनावर घेऊ नका.”

“लटकतो,” दिलावर पुन्हा म्हणाला. “तुमच्या सगळ्यांच्या समोर दाबतो आणि लटकतो.”

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. त्यांच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण संस्थेचे पाचपन्नास सभासद पुलावर उभे होते आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. “टिकला, तर सगळ्या मोटारींना तुझंच लग, तुझ्याच हातानं, लागंल तेवढा वेळ घे,” अण्णा म्हणाले. “न्हाई टिकला, तर सुकुमार ठोकंल. आणि दिलावर, तू पुन्हा ह्या पुलावर पाय ठेवायचा न्हाई.”

“कबूल.”

कोपऱ्यात बिरू उठून उभा राहिला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

*

“आता तरी मगर?”

“आता मगर. आदल्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा नदीकडच्या जाळीतनं एक पिल्लू आत शिरलं. आतल्या माशांवर वाढलं. वाढलं ते एवढं की जाळीतनं बाहेर पडंना. बिरू त्याला रोज अर्धी भाकरी टाकायचा.”

“मगर भाकरी खाती व्हय?”

“ज्वारीची न्हवं. बाजरीची.”

“मागल्या खेपेला घोरपड हुती,” सलीम खणात वाकूनच म्हणाला.

“घोरपड दुसऱ्या गोष्टीत हाय. तू लग मोज.”

*

दिलावरनं तार छिलली. वरचं प्लास्टिक असं काढलं की तांब्यावर ओरखडा नाही. लग चढवला. डब्यातून डाय काढली आणि यंत्रात बसवली, बघावंसुद्धा लागलं नाही त्याला. अशी बोटं होती. यंत्राचा दांडा वरखाली केला, डाय मिटली, लग दाबला गेला. मी शेजारी उकिडवा बसून यंत्र धरलं होतं. मी लग पाहिला. चांगला दाबला होता. फार चांगला. असा दाबलेला लग मी पुन्हा पाहिला नाही.

पहिल्या मोटारीचा अर्थिंगचा बोल्ट मोटारीच्या पाठीमागं होता, भिंतीच्या बाजूला. मोटार आणि भिंत यांच्यात एक माणूस कसाबसा बसेल एवढी सांद. दिलावरनं लग तिथं आवळला. तार मोटारीच्या पायाशेजारून फरशीवरनं त्या चौकोनी तोंडापर्यंत आणली, काठाला पोत्यांची घडी ठेवली, तारेच्या टोकाला फळी बांधली.

“मी सांदीत बसतो,” मी म्हणालो. “बोल्टावर ध्यान ठेवायला.”

“कशाला?” दिलावर म्हणाला. “बोल्ट मी आवळलाय.”

“मला मगर बघवत न्हाई.”

सगळे हसले. त्या खोलीत त्यानंतर बराच वेळ कुणी हसलं नाही. मी सांदीत शिरलो, पाठ भिंतीला, पाय मोटारीच्या काँक्रीटच्या पायाला. तिथून मला मोटारीचं ढुंगण आणि छपराचा पत्रा एवढंच दिसत होतं. पुढचं मी सांगतो ते बिरूनं मला नंतर सांगितलेलं.

दिलावर काठावर बसला. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या, मशिदीत जाताना ठेवतात तशा. फळी मांड्यांखाली घेतली, तार दोन्ही हातांनी धरली आणि आत उतरला. पहिल्यांदा हात काठावर होते. मग त्यानं हात सोडले.

फळी एकदा खाली हिसडली. पोत्यांची घडी चेपली असणार. पुलावरनं बायकांच्या ओरडण्याचा आवाज आला. मग तार थांबली. दिलावर तोंडाच्या काठापासून पुरुषभर खाली लटकत होता, त्याच्या खाली पुरुषामागं पुरुष नुसता अंधार, आणि अंधाराच्या तळाशी पाणी.

सुकुमार काठावर वाकला होता आणि बिरू सांगायचा, त्याच्या तोंडाचा रंग भाकरीच्या पिठासारखा झाला होता. भूपाल अण्णा डोळे मिटून णमोकार म्हणायला लागले होते. पारवी परत येऊन छपरावर बसली होती, त्यांच्या नखांचा आवाज पत्र्यावर ऐकू येत होता. खाली पाण्यात काहीतरी वळलं, संथ, आणि पाण्याला एक लांब घडी पडली. दिलावरनं खाली पाहिलं. ओरडला नाही. फक्त पाय जवळ घेतले.

“अण्णा,” बिरू म्हणाला. “बास की.”

अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

“अण्णा, माझ्यासाठी चाललंय न्हवं हे? मग मी म्हणतो, बास!”

आठवडाभरापूर्वी नोकरीला लागलेला माणूस चेअरमनच्या अंगावर ओरडला, हे आमच्या संस्थेत त्याच्या आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. अण्णांनी डोळे उघडले. “वर घ्या,” म्हणाले, “वर घ्या त्याला.” आवाज इतका बारीक होता की एकही पारवं उडालं नाही.

तारेला पहिला हात घातला तो सुकुमारनं. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. तो आणि बिरू, दोघांनी ओढून दिलावरला काठावर घेतलं. सुकुमारनं त्याच्या चपला उचलून त्याच्या पायाशी ठेवल्या आणि हातोडीची पिशवी घेऊन पुलावरनं चालता झाला.

मी सांदीतनं बाहेर आलो तेव्हा लग कापून झाला होता. माझ्या हातात लगासकट तारेचा तुकडा होता, तो मी खिडकीतनं नदीत भिरकावला.

“अरे, बघू तरी दे आम्हाला,” अण्णा म्हणाले.

“रीत हाय, अण्णा. लटकलेला लग दाखवत नसतात.”

“आसली कसली रीत?”

“जुनी हाय,” मी म्हणालो.

दिलावर काठावर बसून माझ्याकडं बघत होता. मग त्यानं डायचा डबा माझ्याकडं सोपवला, मान म्हणून. त्या दिवसापासून यंत्रात डाय घालायचं काम माझं.

सगळ्या मोटारींना तांब्याचे लग लागले, यंत्रानं दाबलेले, एकेक कुरवाळून. पाणी उसाला पोचायला आठवडा जास्त लागला आणि कुणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पुढं एकदा दोन नंबरच्या मोटारीची गुंडाळी जळाली आणि तिच्या अंगात वीज उतरली. बिरूचा हात तिच्यावर होता, ओला. त्याला नुसतं कळलं की मोटार बंद पडली. त्यानं बिडी पेटवली आणि आम्हाला बोलवायला माणूस धाडला. आम्ही गेलो तेव्हा दिलावर मोटारीच्या मागं गुडघ्यावर बसला, लगाला हात लावून, आणि बिरू त्याला विचारत होता, “काका, काय शोधताय?” बिरू गेल्या दिवाळीत गेला, म्हातारा होऊन, घरच्या खाटेवर, नातवंडं भोवती.

*

“आणि तो लग?” विश्वजितनं विचारलं. त्याचे दोन्ही पाय आता पायरीवर होते. मोटारसायकल उन्हात तापत होती. “तो लटकलेला? हललाच न्हाई?”

“तसूभर न्हाई. माणूस लटकून वर आला, आणि लग जसा दाबला तसा. म्हणून म्हणतोय, सलीम, ह्याला तांब्याचं काढ, कल्हईचं, आणि यंत्रबी दे दोन दिवस वापरायला. हातोडी कोंबड्यांना—”

“सुटला हुता.”

आवाज आतून आला. पंख्याखालून.

सलीमनं मान वळवली. “अब्बा, झोपा तुम्ही.”

“चाचाला सपान पडलं,” मी विश्वजितला म्हणालो. “उन्हाचं पडतंय. मलाबी पडतंय. काल मला—”

दिलावरनं तोंडावरचा टॉवेल काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. तो जागा होता. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. केसांतून पाणी ओघळत होतं.

“मगर खरी हाय,” तो विश्वजितला म्हणाला. “पायाखाली बघितली मी. हा सांगतो एवढी न्हवती, पर हुती. लग खोटा. पहिल्या हिसक्याला सुटला तो.”

“दिलावर, गिऱ्हाईक हाय ते.”

“म्हणूनच. लग घ्यायला आलंय, त्याला लगाबद्दल खोटं सांगायचं न्हाई.” तो उठायला लागला, उठवेना, तसाच बसला. “माझा चष्मा खिशात हुता. नवीन लागला हुता. एवढी माणसं बघायला आलेली, त्यांच्यासमोर काढायची लाज वाटली. बोटानं चाचपून डाय घातली. लग पस्तीसचा आणि ती पन्नासची हुती, दाब ढिला बसला. ह्यानं लग बघितला आणि वळखला. बोलला न्हाई. सांदीत जाऊन बसला. आणि डबा मी दिला न्हाई ह्याला मान-बिन म्हणून. ह्यानं माझ्या हातातनं वढून घेतला.”

विश्वजितनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं. मी ते काखेत घातले.

“पर चाचा,” तो म्हणाला, “लग सुटला तर तुम्ही पडला कसं न्हाई?”

“मला तिथंच कळलं. खाली लटकल्या लटकल्या,” दिलावर म्हणाला. माझ्याकडं न बघता, पंख्याकडं बघत. “बोल्टाला धरलेली तार गप असती, पोरा. ती तार धापा टाकत हुती.”